डबी घेऊन येणारा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले म्हातारे यमालाही शिव्या घालून परत पाठवतील, पण नाक्यावरचा लॅबवाला दिसला की जिन्यात दडत. शौचाचा नमुना द्यायची लाज एवढी, की नेलाच तर पेढ्यांच्या खोक्यात लपवून. लॅबवाला बोलायचा कमी. लॅबच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल तेवढी बघायचा.

एका सकाळी मी दार उघडलं, तर बेल न वाजवता हा समोर उभा. हातात रिकामी डबी.

"काका, उद्या नमुना द्या."

"मला काय धाड भरलीय रे?"

"दोन महिने रक्त पडतंय ना," तो हळूच म्हणाला.

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी डबी घेतली. तिच्यावर माझं नाव होतं, आणि शाई वर्षभर उन्हात ठेवल्यासारखी फिकी पडली होती.