गंगीच्या नावाची थाळी

धोंडूबाईचं सासर किन्हवलीचं आणि माहेर डोळखांबच्या वरच्या अंगाला, रानातल्या एका पाड्यावर. तिचे वडील कमळू भात-नाचणी पिकवायचे आणि आसपास कुणी वारलं की दिवसकार्याला थाळी वाजवायचे. काशाची थाळी मांडीवर घ्यायची, मधोमध मेणाचा गोळा, त्यात एक लांब सरळ काडी उभी. ती काडी बोटांनी वरून खाली ओढत राहिलं की थाळी घुमायला लागते, भिंतीच्या पोटात मधमाश्या शिरल्यासारखी. त्या घुमण्यावर कमळू पृथ्वी कशी झाली ते सांगायचे, मग घरातल्या गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायचे, आणि शेवटी जो नुकता गेला त्याचं. नाव घेतलं की तो माणूस वाटेला लागला.

बायकांनी थाळीला हात लावायचा नसे. म्हणून धोंडू आणि तिची थोरली बहीण गंगी दुपारी मागच्या दारी रिकाम्या हंड्यात तोंड घालून घुमायच्या. धोंडूला हसू यायचं, तिचा सूर मोडायचा. गंगीचा मोडत नसे. ती घुमायला लागली की अंगणातल्या कोंबड्या दाणे टिपायच्या थांबायच्या. एकदा आई शेतावरून धावत आली, घरात कोण गेलं म्हणून.

एका साली चैत्रात गंगी पहाटे मोहाची फुलं वेचायला गेली ती आली नाही. सगळा पाडा रान धुंडाळत फिरला. मोहाच्या झाडाखाली तिची टोपली मिळाली, फुलांनी काठोकाठ भरलेली, नीट सरळ ठेवलेली. चप्पल नाही, कापडाचा तुकडा नाही, जनावराचा माग नाही. वर्ष गेलं तेव्हा कमळूंनी थाळी खाली काढली. आईने ती हातातून हिसकून घेतली. "पोर मेली असं कोनी बगितलं? तिचं नाव या थाळीवर घ्यायचं नाय." आईबाप होते तोवर ते घेतलं गेलं नाही.

धोंडू लग्न होऊन किन्हवलीला आली, तिला मुलं झाली, नवरा गेला. थाळीची गोष्ट ती नातवंडांना सांगायची, गंगीची कधी नाही.

एकोणीसशे सत्त्याण्णवच्या चैत्रात सून चंदा दुपारची भांडी घासत होती. सासू स्वयंपाकघरात एकटी घुमते आहे असं तिला वाटलं. आवाज बारीक होता, एका पट्टीतला. तिने आत डोकावलं. धोंडूबाई पाण्याच्या रिकाम्या हंड्यापाशी उकिडवी बसली होती, तोंडाला पदर लावून, आणि हसत होती. घुमणं चालूच होतं.

"आई, कसला आवाज येतोय?"

"तुला पन येतो?" म्हातारीने वळून पाहिलं. "मला वाटलं, माझ्याच कानात हाये."

मग ती हंड्याकडे वाकून स्वतः घुमायला लागली. चंदा सांगते, तेव्हा मला दोन सूर ऐकू आले. एक थरथरता, म्हातारा. दुसरा नाही थरथरला.

मुलगा कमळाकर संध्याकाळी कामावरून आला, त्याने हंडा पालथा घातला, वाजवून पाहिला, बाहेरच्या विजेच्या डबीकडे बोट दाखवलं, आवाज तिचाच म्हणून. दुसऱ्या दिवशी आईला शहापूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाने कान वाजतात. परतताना एसटीत धोंडूबाई म्हणाली, "कान वाजले तर माझे वाजतील रे. चंदाचे कशाला?"  घरी आल्यावर कमळाकरने हंडा माळ्यावर टाकला, तर आवाज कळशीतून यायला लागला.

धोंडूबाईला भीती वाटत नव्हती, याचीच चंदाला भीती वाटायची. दुपार झाली की म्हातारी जेवण अर्धं टाकून आत जाऊन बसायची. कुणाशी बोलेना. हातापायांच्या काड्या झाल्या. शेवटी चंदानेच एक दिवस दाराशी बसून विचारलं, "आई, आत कोन हाये ते तरी सांगा." तेव्हा गंगीची हकीकत पहिल्यांदा घरात कळली.

"हिला वाटेला लावा आता," चंदा म्हणाली. "किती दिवस हाक मारत बसंल ती?"

माहेरी धाकटा भाऊ राघो होता. बापामागे थाळी त्याच्याकडे आली होती. सगळे पाड्यावर गेले. राघोने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाय, आईनं शपथ घातलीय."

"आई गेली. आता घरात थोरली मीच ना? मी सांगते, घे नाव."

सकाळच्या उन्हात, ओट्यावर राघो बसला. थाळी घुमायला लागली. आजा, आजी, बाप, आई, सगळ्यांची नावं झाली. मग त्याने श्वास घेतला आणि म्हणाला, "गंगी, कमळूची लेक." आणि त्याची बोटं काडीवरून निसटली.

थाळी घुमतच राहिली.

राघोचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. चंदाने पाहिले, कमळाकरने पाहिले. कुणी हललं नाही. अंगणात एकही कोंबडी टिपत नव्हती. धोंडूबाई पुढे सरकली, तिने थाळीच्या काठावर तळवा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"गंगे, टोपली ठेवून कुठं गेलीस गो?"

आवाज थोडा चढला, एवढंच. मग म्हातारी म्हणाली, "बरं, नको सांगू. जा तू. आईपन तिकडंच हाये." तिच्या तळव्याखाली घुमणं हळूहळू उतरलं आणि थांबलं.

त्यानंतर घरात तो आवाज कधी आला नाही. धोंडूबाई जेवायला लागली, अंगावर मांस आलं, शेजारच्या सकुबाईच्या ओट्यावर गप्पांना बसायला लागली. कमळाकरला वाटलं, सुटलो. पण चंदाला एकदा ती वालाच्या शेंगा सोलताना मध्येच थांबलेली दिसली, मान कलती करून.

"आई, काय झालं?"

"काय नाय गो. तिला घालवायला तुमी सांगितलंत, मीपन घालवली. पन साठ वर्षांनी कोनी तरी माझ्याशी खेळायला आलं होतं."

 चंदा शेजारी बसली आणि शेंगा सोलायला लागली. पुढे सहा-सात वर्षं म्हातारी चांगली जगली आणि एका कार्तिकात, दुपारी आडवी झाली ती उठली नाही.