तीन खड्डे

रॉकेलचा डबा रेशन दुकानदारानं पायानं मागं सरकवला. हात रिकामे असताना पायानं. रांगेत माझा नंबर आला होता आणि मी डबा पुढं ठेवला होता, एवढाच माझा गुन्हा.

"तुमचं गाव लाईटीचं झालं गं आता. अर्धंच मिळंल. तसा हुकूम हाय."

मी म्हटलं, "लाईट गावात हाय. आमच्या वाड्यात नाय."

"मंग देवळापाशी बस की पुस्तक घेऊन. पायरीच्या खाली बस म्हंजे झालं."

रांग हसली. माझ्या वर्गातल्या मुलीची आईसुद्धा हसली. मी अर्धा डबा घेऊन घरी आले आणि आयपाशी रडले.

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. आमच्या बौद्धवाड्यातली मॅट्रिकला बसणारी पहिली मुलगी. दिवसभर शाळा, मग पाणी, मग चूल. अभ्यासाला उरायची ती चिमणीच्या उजेडातली संध्याकाळ. तीच आता अर्धी झाली होती.

कर्जतहून कडावच्या पुढं आमचं गाव. वाड्यावरून खोपोलीच्या वीजघराकडच्या मोठ्या तारा जातात, लोखंडी मनोऱ्यांवरून थेट मुंबईला. पावसाळ्यात त्या तारा गुणगुणायच्या. मुंबई उजळायला निघालेली वीज आम्ही वर्षानुवर्षं नुसती ऐकली. दिव्याखाली अंधार म्हणतात, आम्ही तर वीजघराच्याच पायथ्याशी अंधारात.

त्याआधी गावात लाईन यायची ठरली तेव्हा मोजणीवाल्यानं लाल खुंट्या ठोकल्या. शेवटच्या तीन खुंट्या आमच्या वाड्यात. सरपंच स्वतः वाड्यात आले. आयनं केलेला चहा घेतला नाही. उभ्यानंच माझ्या बापाला, आबांना म्हणाले, "सख्या, खांबाचे खड्डे तुमीच खणा रं. तुमच्याच वाड्याची लाईन, मजुरी कसली मागता?"

आबांना पटलं. सगळ्या वाड्याला पटलं. ही आमची चूक, ती मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. लाईन एकच, तेव्हा देवळापासूनचे सगळे खड्डे आम्हीच खणायला घेतले. मुरूम असा की पहार ठणकन परत यायची. आबांच्या तळहातांना फोड आले. शाळा सुटली की मीही मातीची पाटी उचलायचे. शेवटचे तीन आम्ही हौसेनं जास्तच खोल खणले, माझ्या छातीएवढे.

खांब आले आणि गावातले सगळे खड्डे भरले. आमच्या वाटचे तीन खांब सरपंचांच्या मळ्यात पंपासाठी उभे राहिले. गरज सरो, वैद्य मरो. आबा विचारायला गेले तेव्हा त्यांना ओट्याखाली उभं ठेवून उत्तर मिळालं, "दुसऱ्या खेपेला येतील रं."

मी गणितात नापास झाले. मी ढ नव्हते. हे मला आजही त्या दुकानासमोर उभं राहून ओरडून सांगावंसं वाटतं.

निकालानंतर थोड्याच दिवसांनी ग्रामपंचायतीचा शिपाई निरोप घेऊन आला. "उद्या लाईनीच्या तपासणीला साहेब येणार हाय. वाड्यातलं खड्डं बुजवून टाका. सरपंचांनी सांगितलंय."

आबांनी फावडं उचललं.

दुकानदाराच्या पायापेक्षा मला ते फावडं जास्त लागलं. माझा बाप, फोड आलेल्या हातांनी खणलेला खड्डा त्याच हातांनी मिटवायला निघाला होता. का, तर सरपंचांनी सांगितलंय. मी धावत गेले आणि पहिल्या खड्ड्यात उडी मारली.

"आबा, टाका माती. माझ्या अंगावर टाका."

आबा काठावर थांबले. वाडा गोळा झाला. आय ओरडत होती. आबांनी फावडं खाली ठेवलं.

"वर ये गं. नाय बुजवीत."

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. आम्ही सगळे खड्ड्यांपाशी उभे. सरपंच हसून म्हणाले, "यांना कायम कायतरी मागायची सवय हाय, साहेब."

मी म्हटलं, "साहेब, हे खांबाचे खड्डे हायत. खांब यांच्या मळ्यात हायत."

साहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. पेनाला टोपण लावलं. काही लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात वेशीवर पाटी लागली, 'विद्युतीकरण पूर्ण झालेले गाव.' नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पुढच्या वर्षी मोहोपाड्याला मावशीकडं राहिले. कारखान्याच्या कॉलनीत तिच्या खोलीत दिवा होता. त्याच्याखाली बसून गणितं सोडवली आणि पास झाले. आता मी शाळेत शिकवते. खड्डे अजून तसेच आहेत. पावसाळ्यात त्यांत गाळ भरतो. म्हणून दरवर्षी दसऱ्याला गाव सोनं लुटायला निघतं तेव्हा आमचा वाडा आधी बुद्धवंदना घेतो आणि मग गाळ उपसतो. आबा होते तोवर फावडं त्यांच्या हातात असे. आता माझ्या हातात असतं.

यंदा सरपंचांचा मुलगा आला. आता तोच सरपंच. आता मला बाई म्हणतो.

"बाई, कशाला जुनं उकरता? एवढी सही करा, वाड्याची तक्रार नाय म्हणून. मग लाईनीचं बघतो मी."

मी कागद वाचला. सगळा वाचला. घडी करून त्याच्या हातात परत दिला.

आमच्या तीन खड्ड्यांत खांब उभे राहतील त्या दिवशीच माती पडेल, आणि ती आम्ही टाकू. तोवर ते उघडे राहतील. माझ्यामागं फावडं कुणी धरायचं, हेही वाड्यात ठरलेलं आहे.