बर्फाच्या फॅक्टरीचा कौल

दमयंती मयेकर कागदोपत्री कंपनीची संचालक होती, म्हणजे दाखवतील तिथे सही करायची आणि चहा आला की कप पुढे सरकवायचे. मयेकर बंधू फायनान्सचा कारभार थोरले दीर विठूभावोजी बघत. रत्नागिरीत सोनेतारण आणि वाहनकर्ज. शिवाय कंपनीच्या मालकीचं मिरजोळ्यात गोदाम, खेड स्टेशनजवळ दोन गाळे आणि पूर्णगडला बर्फाची फॅक्टरी. फॅक्टरी म्हणजे कंपनीचं सावत्र पोर. दमयंतीचा नवरा शुभंकर वसुलीच्या कामात अगदीच भिडस्त, म्हणून त्याला तिकडे धाडलं होतं.

शुभंकर गेला. दिवसकार्य आटपल्यावर दमयंती किल्ल्या परत आणायला म्हणून पूर्णगडला गेली आणि तिथलीच झाली. मशीन कशाने रुसतं, कुठल्या होडीला लादी अख्खी लागते आणि कुठल्या होडीला फोडून, हे तिने हात गारठवून घेत शिकून घेतलं. रत्नागिरीच्या एसी ऑफिसात तिला कुणी काही विचारत नसे. इथे होड्यांवरचे तांडेल तिला विचारल्याशिवाय बर्फाला हात लावत नसत. फॅक्टरी गेली तर पुन्हा कप सरकवायला बसावं लागेल, या विचारानेच तिला रडू फुटे.

आणि तसंच व्हायची वेळ आली. मुंबईच्या एका पार्टीने रिसॉर्टसाठी ती जागा मागितली. भावोजी हुरळले. पण मयेकरांच्यात मिळकत विकायची तर सीएचं मत नंतर, आधी ग्रामदेवीचा कौल. एवढी कायदेशीर कंपनी आणि देवीच्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवून निर्णय घेते, याला हसायचं तर खुशाल हसा. कौल मोडायची छाती आजवर एकाही मयेकराला झालेली नाही.

देवळात बाळा गुरवाने पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, पूर्णगडची फॅक्टरी इकायची हाय. तुझी मर्जी असंल तर उजवा दे!" जमलेल्या पुरुषांनी साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

दमयंतीने डाव्या पाकळीवर डोळे रोवले. पडली ती उजवी.

"झाला! देवीन सांगितलान," भावोजी म्हणाले. थोरली जाऊ विमला, तीही तसलीच सहीपुरती संचालक, तिने दमयंतीच्या पाठीवर हात ठेवला. दमयंतीने पदराने डोळे पुसले. गाऱ्हाण्यातला शब्द न् शब्द तिच्या कानात होता.

"भावोजी, देवीन इकायला सांगितलान. कोणाला, ते तुम्ही विचारलंत कुठं? मी घेते."

"तू? कशान घेशील गो?"

"माझे नि ह्यांचे कंपनीतले सगळे शेअर तुम्ही घ्या. फॅक्टरी मला द्या."

भावोजींनी मनातल्या मनात आकडे लावले. सौदा तोट्याचा नव्हता, उलट रिसॉर्टवाल्याच्या सौद्यापेक्षा फायद्याचाच होता. तरी ते चाचरले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कंपनीतून घरची सून अशी उठून जाते, हे त्यांना झोंबलं.

"इचार कर. मग कंपनीत तुझा कायएक हक्क ऱ्हायचा नाय."

"आत्ता तरी कुठं हाय?"

गुरव कधी भावोजींकडे, कधी देवीकडे बघत राहिला. तेवढ्यात, गाऱ्हाण्याला साथ द्यायची ती पुरुषांनीच, हे पक्कं ठाऊक असूनही, विमला मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"