पुढच्या सीटसाठी लातूरला

गाडी विकायची की ठेवायची, एवढंच ठरवायला आम्ही नांदेडहून निघालो होतो. गाडी माझी, साडेतीनशे सीसीची, आणि चालवणारीही मीच. मागच्या वर्षी जिन्यावरून घसरले, माकडहाडाला मार बसला आणि तेव्हापासून तासभर गाडी चालवली की खाली निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, हाड बरं आहे, बसायची सोय बघा. माझे यजमान विलासराव म्हणाले, गाडीच काढून टाकू. त्यांच्या बँकेतल्या शिंद्यांनी तर घ्यायची तयारीही दाखवली होती.

मी मुळातच हट्टी. ऑनलाइन मागवलेली जेलची गादी वापरून झाली, तिने घाम तेवढा काढला. नांदेडात मऊ फोम भरून घेतला, तो आठवड्यात बसला. शेवटी कळलं की लातूरला लांबच्या प्रवासासाठी तयार सीटांचं एक दुकान आहे. मी विलासरावांना सांगितलं, "चला माझ्यासोबत. नवीन सीट घेऊन परत घरी येईपर्यंत दुखलं, तर चावी मी स्वतः शिंद्यांच्या हातात देईन."

"आणि दुखलं तरी दुखत न्हाई म्हणालीस तर?"

"म्हणून तर तुम्हाला मागं बसवून नेतेय."

जानेवारीची सकाळ होती. लोहा गाव मागे पडेपर्यंत मी मजेत होते. रस्ता चांगला आहे, पण ट्रक फार, म्हणून सकाळी लवकर निघालेलं बरं. दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता, बायका टहाळाच्या पेंढ्या विकायला बसल्या होत्या. पुढे दुखायला लागलं. अहमदपूरला बसस्टँडजवळ चुरमुऱ्यांचा सुशीला खायला थांबलो तेव्हा मला गाडीवरून पाय टाकून उतरता येईना. हॉटेलवाला विलासरावांकडे बघत म्हणाला, "साहेब, लई भारी गाडी हाय. ॲव्हरेज किती देती?"

विलासरावांनी ॲव्हरेज सांगितलं. गाडी कुणाची, ते काही सांगितलं नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. बाई पुढे आणि बाप्या मागे बसलेला दिसला की लोक बघतात, मग विलासराव गाव आलं की खाली उतरून हेल्मेट हातात धरून उभे राहतात, जणू आत्ताच गाडी चालवून थकलेत. मला त्याचा राग येतो आणि हसूही येतं. त्या दिवशी मात्र चाकूरमार्गे लातूरपर्यंत त्यांनीच गाडी चालवली आणि मी मागे बसले.

दुकानाचे मालक कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. "शरणार्थ," असा नमस्कार करून त्यांनी विलासरावांना आत बोलावलं आणि एक जाड सीट पुढे केली. "दाबून बघा सर. लोण्यावानी हाय."

विलासरावांनी अंगठा रुतवला. "हीच घेऊ."

इथेच सगळे फसतात. आपल्याकडे पाहुण्याला मऊ गादी देतात, म्हणून मऊ ते चांगलं असं डोक्यात बसलेलं. सीट अंगठ्याने पारखायची वस्तू नाही हो. जिथे दुखतं तिथेच ती पारखायची.

"अप्पा, बसणार मी आहे," मी म्हटलं. "गाडीला लावा आणि चहा सांगा. चहा येऊन संपेपर्यंत मी उठणार नाही."

अप्पांनी मऊ सीट लावून दिली. चहा अर्धा झाला नाही तोच फोम दबला आणि खालचा पत्रा हाडाला लागला. दुसरी टणक होती, रुंद, आणि माकडहाडाच्या जागी खाच दिलेली. हात लावला तर फळीच वाटावी. तिच्यावर माझे दोन चहा झाले. मध्येच पाय टेकतात का ते पाहिलं, कारण सीट जाड झाली की उंची वाढते आणि माझ्यासारख्या बुटकीची पंचाईत होते. कव्हर खरखरीत घेतलं. गुळगुळीत कव्हरवर ब्रेक मारला की माणूस टाकीवर जातो.

अप्पा कंटाळून म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक दुकानात येतंय, बसतंय. पण असं ठाण मांडून कुणी बसलं न्हाई." मग साडेचार हजारांत सौदा झाला. मागची सीटही देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. मी बहुतेक एकटीच फिरते.

लातूरला मुक्काम केला. रात्री येसर आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असं साधं जेवलो. परतताना मुद्दाम लांबचा रस्ता धरला: उदगीर, जळकोट, मग मुखेडवरून नांदेड. परीक्षाच द्यायची तर सोपा पेपर कशाला? फक्त एक अट घातली, दर दहा मिनिटांनी "दुखतंय का" विचारायचं नाही.

उदगीरला कानडी मिसळलेली मराठी ऐकत जेवलो. मला काही होत नव्हतं. काही होत नाही म्हणजे काय, हेच मी वर्षभर विसरले होते. पुढे रस्ता खराब लागला. खड्डा आला की मी पायांवर उभी राहायची, परत बसायची, आणि खालून काहीच तक्रार नाही. मी हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होते, अगदी बेसूर.

जळकोटला चहाला थांबलो. बाकडं रिकामं होतं, तरी विलासराव कप घेऊन उभेच.

"बसा की."

"नको, उभा बराय."

दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते कमरेवर हात ठेवून कसनुसं हसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागची सीट तीच, कंपनीची, पापडासारखी पातळ. सगळे खड्डे त्यांनी त्या पापडावर बसून खाल्ले होते आणि माझ्या अटीमुळे कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"अहो, तुम्ही पुढं बसा. मी मागं बसते."

"अन् मग तुझ्या सीटचं कसं कळंल?" त्यांनी कप खाली ठेवला. "घरापोत्तर ठरलंय ना? चल, काढ गाडी."

म्हणजे हा माणूस माझी गाडी वाचावी म्हणून मागे बसला होता. मुखेडहून पुढे मी प्रत्येक खड्डा असा चुकवला की जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. दिवेलागणीला घरी पोचलो. मी टुणकन उतरले. त्यांना खांद्याला धरून उतरवावं लागलं, आणि आम्ही दोघं फाटकात उभं राहून पोट दुखेपर्यंत हसलो.

तुम्ही असा प्रवास करणार असाल तर उदगीरपुढचे खड्डे सोडता रस्ता छान आहे, दोन दिवसांत आरामात होतो. सीट टणक घ्या, बसून घ्या. आणि मागे कोण बसणार त्यालाही एकदा बसवून बघा. मी ते केलं नाही. माकडहाड शांत आहे, जळकोटचा तो उभ्याने घेतलेला चहा मात्र मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदे आलेच, गाडी बघायला. मी चावी मुठीत घेऊन दारात उभी. विलासराव लंगडत फाटकापर्यंत गेले.

"शिंदे, गाडी विकायची न्हाई."

"का हो सर? पुन्हा तुम्हीच चालवून राहिले काय?"

"न्हाई," विलासराव म्हणाले. "हीच चालवती. मी मागं बसतो."

इतक्या वर्षांत बाहेरच्या माणसासमोर त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी आत गेले, अप्पांना फोन लावला आणि मागची सीट हवी म्हणून सांगितलं.

"पाठवून देऊ का, मॅडम?"

"नको," मी म्हटलं. "बसणारा माणूस घेऊन येते."