ब्रेकमावशीचे रविवारचे दोन तास

ब्रेकमावशी आपल्या भावाला घरात कोंडून ठेवते, ही बातमी आमच्या भागात वर्तमानपत्राच्या आधी घरोघर पोचते. पोचवायचं काम तिच्या खालच्या मजल्यावरची शिंपीणकाकू करते. तोंडात टाचण्या धरून, अर्ध्या ओठांनी: "आपल्याला काय करायचंय म्हणा, पण बाहेरून कुलूप घालते हो! सख्खा भाऊ! आपल्याला काय करायचंय म्हणा, पण माणूस आहे की जनावर?" काकूला काहीच करायचं नसतं तेव्हा ती कमीत कमी पाऊण तास बोलते.

कोंडलेलं माणूस आहे, एवढं खरं. फक्त ते भाऊ नव्हे. त्याचं दार दिवसभर सताड उघडं असतं. वय एक्कावन्न, पण अक्कल पाच-सहा वर्षांच्या मुलाइतकी, दारात खुर्ची ओढून बसतो आणि जिन्यानं जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "आली?" सारी इमारत त्याच्यावर डोळा ठेवून असते. काकूसुद्धा, टाचण्यांसकट.

कोंडून घेते ती मावशी. स्वतःला, गाडीत. संध्याकाळी सहाला शेवटचा शिकाऊ उतरला की ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी ती घरामागच्या भिंतीला लावते, काचा वर करते, चारी दारं आतून लॉक करते आणि वीस मिनिटं बसून राहते. गाणं नाही, फोन नाही, डुलकीसुद्धा नाही. मग वर जाते.

"आलीस?" दादा विचारतो.

"आले."

न्हाणीघरातून बाहेर आली तरी "आलीस?" गच्चीवरून कपडे घेऊन आली तरी "आलीस?" एकदा तर ती कुठं गेलीच नव्हती, नुसती कूस बदलली, तरी "आलीस?"

"दिवसातून चाळीस वेळा येते मी," मावशी म्हणते. "जाते कधी, हे मात्र कुणी विचारत नाही."

तिचं नाव ब्रेकमावशी पडलं ते शिकवायच्या गाडीमुळे. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच असतो. शिकाऊ मजेत स्टिअरिंग फिरवतो, आपणच चालवतोय असं समजतो, आणि दर दोन मिनिटांनी गाडी आपोआप थांबते. मग मावशीचा आवाज, शांत, जरा नाकातला: "क्लच सोड. हळू. अंड्यावर पाय ठेवल्यासारखा सोड. अजून हळू... फोडलंस. चल, दुसरं अंडं." बावीस वर्षांत तिनं निम्मं शहर असं शिकवलंय. शिकलेले लोक लांब लांब गेले. मावशी शाळा, बाजार, पूल आणि परत शाळा याच चार रस्त्यांवर, फार तर तिसऱ्या गिअरमध्ये.

जड वाहनाचा परवाना आहे तिच्याकडे, हे फार थोड्यांना माहीत आहे. तेविसाव्या वर्षी तिनं तो काढला. लांब पल्ल्याच्या बसवर चालक म्हणून तिची निवड झाली, पत्रसुद्धा आलं. पत्र तिनं आईला वाचून दाखवलं. आईनं नाही म्हटलं नाही. आईनं फक्त दादाकडे बघितलं. तो तेव्हा बटाटे सोलल्यासारखा केळं सोलत होता. मावशीनं पत्राची घडी घातली आणि दादाच्या हातातलं केळं काढून घेतलं. आई आता नाही. पत्रही नाही. दादा आहे.

एक धाकटी बहीण आहे, तिचं लग्न होऊन ती सातासमुद्रापलीकडे गेली. दर पंधरवड्याला तिचा फोन येतो, आवाज गहिवरलेला: "ताई, तू म्हणजे ना, देवमाणूस आहेस गं!"

"देव म्हटलं की बरं पडतं," फोन ठेवल्यावर मावशी म्हणते. "देवाला कुणी विचारत नाही, दमलास का?"

आता रविवारचे दोन तास. आमच्याकडे मंदबुद्धी, मुकी, अपंग अशा मुलांची एक शाळा आहे. दादा तिथं शिकला, आणि आता माझा धाकटा भाऊ तिथं जातो. सोमवार ते शनिवार ती शाळा त्यांची. मावशीनं चार वर्षांपूर्वी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या मागे लागून रविवारी दहा ते बारा एक खोली मागून घेतली, त्या मुलांच्या बहीणभावंडांसाठी. दादाला ती शाळेच्या पहारेकऱ्याजवळ बसवून येते. आम्ही अकरा जण. सगळ्यांत लहान चिमणी, आठ वर्षांची. सगळ्यांत मोठा सोळाचा. मी पंधराची, आणि मला सगळ्यांच्या नकला करायची खोड असल्यानं मावशीच्या तोंडी माझं नाव रेडिओ.

खोलीचा नियम एकच: तुझा भाऊ कसा आहे, तुझी बहीण कशी आहे, असं कुणी विचारायचं नाही. आपण होऊन सांगावंसं वाटलं तर सांगायचं, आणि मग ते कितीही वाईट असलं तरी चालेल. गेल्या वर्षी चिमणीनं सांगितलं, "मला वाटतं ताईनं एक दिवस घरी नसावं." बाहेर कुठं बोलली असती तर बायकांनी तोंडावर पदर धरले असते. मावशीनं विचारलं, "किती वाजेपर्यंत?"

चिमणीनं विचार केला. "पाच."

"ठीक आहे. पाच तर पाच."

बाकी आम्ही बाकं जोडून टेबल टेनिस खेळतो, गाडीचं बॉनेट उघडून बघतो, पंक्चर चाक बदलतो. बिस्किटांची एक शर्यत असते, जो शेवटी संपवेल तो जिंकला. सोपं वाटतं ना? आमच्यातलं एकही पोर बिस्कीट दोन घासांच्या वर पुरवू शकत नाही. घरी ताटावरून कधी उठावं लागेल याचा नेम नसतो, म्हणून सगळे गिळतात. चार वर्षांत शर्यत दोनदाच नीट झाली. शेवटी मी अर्धा तास कार्यक्रम करते. डॉक्टर, फिजिओवाला, बसमधल्या टक लावून बघणाऱ्या बायका. सगळ्यांत जास्त हशा आत्याला मिळतो. गालावर हात, मान तिरकी: "अगंबाई, किती समजूतदार पोर ही! आईचा उजवा हात!" आत्या माझी, पण प्रत्येकाला वाटतं ती त्याच्याच घरची आहे. एका नकलेत अकरा घरं भागतात.

गेल्या महिन्यात मोठ्या बाई ही खोली बघायला आल्या. मोठ्या बाईंच्या प्रत्येक वाक्यात एक 'अगदी' असतो, नसला तर त्या मागं जाऊन तो घालून येतात. "छान मुलं आहेत हो. अगदी! काय खेळता, बाळांनो? चला, आज आपण संगीत खुर्ची खेळू या. अगदी मज्जा!"

दहा खुर्च्या, अकरा जण. बाईंनी फोनवर गाणं लावलं. आम्ही फिरलो. गाणं थांबलं.

चार जण उभे आणि तीन खुर्च्या रिकाम्या.

"तू बस."

"नको, तू बस ना."

"तुझा गुडघा फुटलाय, बस."

"अगं मला चालतं उभं!"

बाईंना वाटलं, नियम कळले नाहीत. पुन्हा सांगितले, पुन्हा गाणं. या वेळी पाच रिकाम्या. चिमणी एका खुर्चीवर बसली होती, तीही शेजारच्या मुलानं बघितल्याबरोबर उठली. ढकलाढकली व्हायची ती झाली, पण उलटी: प्रत्येक जण दुसऱ्याला खुर्चीत ढकलत होता. आम्हांला काही विशेष वाटलं नाही. सगळेच असं खेळतात, असंच आम्ही समजत होतो.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "संस्कार! अगदी संस्कार!"

"संस्कार नाहीत ते, बाई," मावशी म्हणाली. "हरायची सवय आहे. घरी ही पोरं जिंकली की समोरचं पोर डोकं आपटून घेतं."

पण बाईंच्या डोक्यात तोवर स्नेहसंमेलन सुरू झालं होतं. तीन आठवड्यांनी शनिवारी वार्षिक कार्यक्रम होता, विश्वस्त येणार, पाहुणे येणार. तिथं या अकरा मुलांनी मंचावर उभं राहून, उजवा हात वर करून शपथ घ्यायची: मी माझ्या भावंडाला आयुष्यभर अंतर देणार नाही. मजकूर बाईंनी जिना उतरता उतरता रचलासुद्धा.

सोमवारी पहिल्या शिकाऊला टांग मारून मावशी ऑफिसात गेली. पुढचं तिनंच आम्हांला सांगितलं, आणि बाईंचा आवाज तिला जमत नसल्यानं तेवढा मी भरला.

"यात आठ-दहा वर्षांची पोरं आहेत," मावशी म्हणाली. "कुणाला आयुष्यभराचं वचन मागता?"

बाईंनी भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट दाखवलं. दोन वेण्यांची, नऊ वर्षांची मुलगी, उजवा हात ताठ वर. "हे कोण बोलतंय! पहिली शपथ तर तुमचीच. अगदी आदर्श! तुम्ही नाही निभावलीत?"

"मला वाटलं होतं, हजेरी घेतायत," मावशी म्हणाली. "छत्तीस वर्षं देतेय हजेरी."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, खोली अगदी तुमचीच आहे, पण शाळेची खोली वापरायची म्हणजे शाळेच्या कार्यक्रमात सहभाग हवा, नाही का? विश्वस्त मला विचारतात हो, रविवारी तिथं नेमकं चालतं काय. मी काय सांगू? बिस्किटं हळू खातात?

त्या रविवारी मावशीनं काही लपवलं नाही. "हात वर केलेत तर खोली राहील. नाही केलेत तर बहुतेक जाईल. पण खोलीसाठी मला तुमचे हात नकोत. आपण गाडीत बसू. अकरा मावत नाहीत, पाळ्या लावू."

खोलीत एकच गलका झाला. सोळा वर्षांचा म्हणाला, आपण पाठीमागं हात बांधून उभे राहू, सैनिकांसारखे. चिमणी बाकावर चढली: "मी तर खिशातच घालीन! दोन्ही!" मी मोठ्या बाईंच्या आवाजात "हात वर, अगदी वर!" म्हटलं, आणि अकरा जण हात खाली दाबून हसून हसून लोळले. सगळ्यांनी एकमेकांना वचन दिलं. आमचं आम्ही दिलेलं हे पहिलंच.

"बघ मावशी," मी म्हणाले, "एक हात वर जाणार नाही."

मावशी बिस्किटांचा डबा बंद करत होती. "अकराच्या अकरा जातील."

"पैज?"

"पैज. हरेल त्यानं चार रविवार गाडी धुवायची."

"आमच्यावर तुझा भरवसाच नाही का गं?"

"तुमच्यावर आहे," ती म्हणाली. "समोर कोण बसणार, ते मला माहीत आहे." आणि मग डब्याचं झाकण उगाच पुन्हा काढून लावत म्हणाली, "हरव मला, रेडिओ."

कार्यक्रमाच्या शनिवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत आमची भावंडं बसवली होती, प्रत्येकाशेजारी त्याची आई किंवा बाप, आणि मंचावर आम्हांला बरोबर आपापल्या माणसासमोर उभं केलं. मोठ्या बाई काही कच्च्या खेळाडू नव्हेत. त्यांनी माइक घेतला आणि जाहीर केलं, की शपथ देतील आपल्या पहिल्या आदर्श भगिनी.

मावशीला हे माहीत नव्हतं. ती दादाला सांभाळत कडेला उभी होती. दादाला पहारेकऱ्याकडे सोपवून ती वर आली. हातात बाईंनी कागद दिला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला.

"मुलांनो," ती म्हणाली, शिकाऊला सांगते त्याच आवाजात. "मी नऊ वर्षांची असताना इथंच हात वर केला होता. मला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारते. ज्याला नको वाटतं त्यानं करू नये. कुणी रागावणार नाही. मी इथं उभी आहे."

मी खाली बघितलं. माझा भाऊ टाळ्या वाजवायला तयार होऊन बसला होता. तो कशालाही वाजवतो. आई वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. मला वाटलं होतं ती माझ्याकडे रोखून बघेल, डोळ्यांत पाणी आणेल, आणि त्याची तयारी मी घरून करून आले होते. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. तिला खात्रीच होती.

चिमणीचा एक हात खिशातून बाहेर आला. मग वर गेला. मग सोळा वर्षांच्याचा. मग एकेक. माझा सातवा. अकरावा हात वर जाताना मी मावशीकडे पाहिलं. ती एकेक बोट दुमडत मोजत होती, आणि दहा बोटं संपल्यावर तिनं हात खाली सोडले.

टाळ्या थांबेनात. मोठ्या बाईंनी माइक परत घेतला: "पाहिलंत? सक्ती नाही, काही नाही! सांगितलं, नका करू, तरी केला. अगदी आपखुशीनं!" फोटो निघाला. तो मोठा करून ऑफिसात लागणार आहे. खोलीही राहिली, तिच्या दारावर आता 'भावी पालक वर्ग' अशी पाटी येणार आहे, आणि दोन तासांपैकी निम्मा वेळ औषधं कशी द्यायची, माणूस कसा उचलायचा, हे शिकवायला कुणी येणार आहे.

मंचामागच्या जिन्यावर मावशी दादाच्या स्वेटरची बटणं लावत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला रडायचं होतं की भांडायचं होतं, तेच कळेना.

"मावशी, मी खरंच नव्हते करणार..."

"उद्या सातला ये," ती म्हणाली. "बादली तुझी आण, माझी गळते. आणि छतापासून सुरुवात कर, नाहीतर घाण खाली ओघळून पुसलेलं वाया जातं."