जावयानं रंगवलेला धोंडा
इकडं ये, जवळ बस. तो फोन ठेव आधी, आजीपेक्षा गोड हाय का? दाराच्या ऑइलपेंटचा हा वास आला की माझं डोकं तापतं बघ. तुझ्या आईच्या लग्नानंतर आम्ही सगळे राजूरचा गणपती करून माळावर गेल्तो. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी तिथं मोठाले धोंडे गोल मांडलेत. आम्ही तिथं चपला काढतो, अन् तुझ्या बापानं गाडीसाठी आणलेल्या लाल ऑइलपेंटनं धोंड्यावर जोडीचं नाव लिहिलं! नव्या जावयाला रागावता येत न्हाई, मंग मी लेकीवरच ओरडले, "कुणाच्या मढ्यावर नाव टाकून राह्यले गं तुम्ही?" तुझा बाप हसला, "मामी, दगडच तर हाय." रॉकेलनं घासलं, तरी नाव अजून दिसतं. आता जावई नवा राह्यला न्हाई, माझी भीडही संपली. उद्या चाललीस तर जा, पण जल्दी परत ये, बापाला घेऊन. तारेचा ब्रश मी आणून ठेवलाय.