मेखांचं पोतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — विष्णू तिचा धाकटा भाऊ. तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी जीभ रेटते आहे.

आधी माझा स्वभाव सांगतो. कुठं निघायचं तर मी आदल्या दिवशी यादी करतो; वस्तू गाडीत चढली की तिच्यावर रेघ. हाटपिपल्याला संस्थानाचा फरासखाना होता, म्हणजे दौऱ्याच्या तंबू-जाजमांची कोठी. तिथं माझी उमेदीची वर्षं अशीच गेली. पण त्या खेपेला आदला दिवस मिळालाच कुठं? आमचे वरिष्ठ रावसाहेब सकाळी पूजा आटोपून बाहेर आले आणि म्हणाले, "घाटात पळस फुललाय म्हणे. चला, आज तिथंच मुक्काम टाकू." त्यांच्या आईसाहेबही येणार. झालं! एकच धांदल.

विष्णू तेव्हा आमच्याकडे राहायचा. त्याला कोठीवर लावून घ्यावं, असं मीच रावसाहेबांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "आणा बरोबर. हात कसा चालतो बघू." विष्णू हरखला. जाजमं त्यानं वाहिली, कनाती त्यानं वाहिल्या, बैलांनाही पाणी दाखवून आला.

तंबू ठोकायच्या मेखांचं सांगायचं राहतंय — की मी टाळतोय? मेखांना माती असते, मातीबरोबर वाळवी येते आणि वाळवी कापड खाते. म्हणून त्या तंबूजवळ ठेवायच्या नाहीत, अशी आमची रीत. अंगणापलीकडे त्यांची निराळी खोली. किल्ली माझ्या कमरेला.

सागाच्या रानात पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. तंबू उलगडला. गाडीवानानं गाडी चाचपली आणि माझ्याकडे वळला, "भिया, तंबू तो आयो, पण खूँटा कां हे?"

मेखांचं पोतं गाडीत नव्हतंच. आईसाहेब पडदा लावलेल्या गाडीत बसून. तंबू उभा राहिल्याशिवाय इतक्या पुरुषांदेखत त्या उतरणार कशा? आम्ही फांद्या तोडून खुंट्या केल्या, पण ओलं लाकूड मुरमात ठोकलं की फाटायचं. ऊन कलू लागलं. गाडीतून तक्रार आली नाही, मधूनच खोकला तेवढा. रावसाहेब येरझाऱ्या घालता घालता थांबले.

"मेखा कोणाकडे होत्या?"

काय अवघड होतं? "माझ्याकडे" — एवढंच तर. मी म्हणालो, "विष्णूला सांगितलं होतं."

नव्हतं सांगितलं. त्या खोलीकडे मी फिरकलोच नव्हतो.

आता विष्णू बोलेल, म्हणून मी मान खाली घातली. त्यानं कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं — खरंच आठवून पाहिलं हो! मग म्हणाला, "दाजी म्हणतात तर सांगितलंच असेल. माझ्याच ध्यानातून गेलं."

मला पाठीशी घालायला तो खोटं बोलला असता, तर निदान — नाही, ते जाऊ द्या. त्याला ते खरंच वाटलं. दाजी विसरत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"हा पंगतीला बरा, कोठीला नको," रावसाहेब म्हणाले. गडी हसले. विष्णूही हसला. ती जागा दुसऱ्याला गेली. विष्णू मनावर गावी कापसाच्या पेढीवर लागला, तिकडचाच झाला.

अजूनही तो घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकावरून परत येतो, ओढून बघतो. पोरं चिडवतात. "मला कुठं दाजींचं डोकं?" म्हणतो. बायको त्याला वेंधळा म्हणते, माझं पान वाढता वाढता. मी जेवत राहतो.

परवा तो आला होता. मुलीचं लग्न ठरलंय. म्हणाला, "दाजी, सगळं तुम्हीच बघा. मी हमखास काहीतरी विसरेन, आणि पोरीला जन्मभर सासरी ऐकून घ्यावं लागेल."

"बरोबर आहे त्याचं," बायको म्हणाली आणि आत गेली. आम्ही दोघंच उरलो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. किती वेळ होता माझ्याजवळ!

मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस. मी आहे ना."